डेल्फीचा वाटाड्या : भग्नावशेष, वस्तुसंग्रहालय आणि सांगितला जाणारा इतिहास

प्रस्तावना

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस वा दुसऱ्याच्या आरंभी लिहिलेल्या एका संवादात प्लुटार्क या ग्रीक ग्रंथकाराने डेल्फीतील एका दुपारचे वर्णन केले आहे. पर्गॅमम नगराहून डायोजिनिआनस नावाचा एक जिज्ञासू तरुण अपोलोचे क्षेत्र पाहण्यास आला आहे. त्याच्यासोबत तीन-चार विद्वान स्नेही आहेत. पवित्र मार्गाने ही मंडळी चढू लागतात आणि स्थानिक वाटाडे आपले ठरलेले भाषण सुरू करतात. भाषण आटोपते घ्यावे, प्रत्येक कोरीव लेख वाचून दाखवू नये, अशी विनंती करूनही त्यांच्यावर तिचा परिणाम होत नाही. पाहुण्याचे लक्ष मात्र निराळ्याच गोष्टीकडे असते. ब्राँझच्या पुतळ्यांवर चढलेली निळसर झाक कशामुळे आली असावी, हा त्याचा प्रश्न आहे. वाटाड्यांच्या पाठांतरात त्याला उत्तर नाही; ते सोबतचे स्नेही आपापसांत वाद घालून शोधू लागतात.

हा संवाद पायथिया, म्हणजे अपोलोचा कौल सांगणारी स्त्री, पूर्वीप्रमाणे पद्यात का बोलत नाही या प्रश्नाविषयी आहे. अभ्यासकांनी तो बहुधा ग्रीक धर्मेतिहासाचे साधन म्हणून वाचला. वस्तुतः तो खासगी मार्गदर्शनासह केलेल्या क्षेत्रदर्शनाचा जगातील अगदी जुन्या वृत्तांतांपैकी एक होय. प्लुटार्क हा स्वतः डेल्फीचा पुजारी होता व अनेक वर्षे त्या पदावर राहिला. वाटाड्यांची थट्टा तो करतो ती परक्याच्या नजरेने नव्हे, तर घरच्या माणसाच्या अधिकाराने.

आज डेल्फीस जाणारा प्रवासी अथेन्सपासून सुमारे 180 किलोमीटर अंतर तोडून पार्नासस पर्वताच्या उतारावर येतो, तेव्हा त्याच्यापुढे दगडी चौथरे, तुटक स्तंभ आणि निसरडी पायवाट असते. या दगडांना अर्थ देणारी व्यक्ती म्हणजे वाटाड्या. दगड आणि प्रवासी यांच्या मध्ये उभे राहणाऱ्या या कथनाचे ऐतिहासिक मूल्य कसे ठरवावे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. वाटाड्याचे सांगणे हे करमणुकीचे साहित्य समजून बाजूला सारण्याची जी प्रथा इतिहासलेखनात पडली आहे, ती तपासून पाहणे अगत्याचे वाटते. कारण ज्या ग्रंथांच्या आधारे हे अवशेष ओळखले गेले, तेच मुळी वाटाड्यांच्या मुखातून आलेल्या माहितीवर बऱ्याच अंशी उभे आहेत.

प्राचीन वाटाडे आणि त्यांचे ग्रंथकार

ग्रीक भाषेत या व्यवसायाला दोन शब्द होते. 'पेरिएगेतेस' म्हणजे फिरवून दाखवणारा आणि 'एक्सेगेतेस' म्हणजे उलगडून सांगणारा. दुसऱ्या शब्दाला धर्मविधींचा अर्थ सांगणारा अधिकारी असाही एक अर्थ होता. आपल्याकडील क्षेत्रोपाध्यायाची आठवण व्हावी अशीच ही जोडणी आहे. देवस्थानाचे माहात्म्य सांगणे आणि पाहुण्याला हिंडवणे ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे येत.

इ.स. दुसऱ्या शतकात पौसानिअस याने ग्रीसचे दहा भागांत वर्णन लिहिले. ठिकठिकाणी तो आपल्या माहितीचे श्रेय स्थानिक वाटाड्यांना देतो आणि ठिकठिकाणी त्यांच्याशी भांडतोही. आर्गॉस नगराविषयी लिहिताना त्याने केलेली एक नोंद फार बोलकी आहे. तेथील वाटाड्यांना आपण सांगतो ते सारे खरे नाही याची जाणीव आहे, तरी ते तेच सांगत राहतात, कारण लोकांच्या मनात रुजलेली समजूत बदलणे सोपे नसते, अशा आशयाचे ते विधान आहे. यात वाटाड्यावर अज्ञानाचा आरोप नाही. त्याला खरे ठाऊक आहे, परंतु श्रोत्यांची अपेक्षा त्याला मोडवत नाही. एकोणीसशे वर्षांनंतरही या व्यवसायाची मुख्य अडचण हीच राहिली आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

ऑलिंपियातील एका वाटाड्याचे तर नावही पौसानिअसने जपून ठेवले आहे. अॅरिस्टार्कस हे ते नाव. हेरा देवीच्या मंदिराचे छप्पर दुरुस्त करताना आतले छत आणि वरचे छप्पर यांच्यामध्ये एका जखमी सैनिकाचे सुकलेले शव सापडले, ही कथा त्याने पौसानिअसला सांगितली. एलिस आणि स्पार्टा यांच्यातील जुन्या लढाईत हा सैनिक आसऱ्यासाठी वर चढला असावा, असा त्याचा तर्क होता. ही हकिकत खरी की रंगवलेली हे ठरवणे आता शक्य नाही. परंतु त्याच मंदिरात प्रॅक्झिटलिसचा हर्मिस उभा आहे, असे पौसानिअस सांगतो. जर्मन उत्खननात 1877 साली हर्मिसची संगमरवरी मूर्ती त्याच मंदिरात सापडली. ती प्रॅक्झिटलिसच्या हातची की नंतरच्या काळातील प्रतिकृती, हा वाद पुढे रंगला. तिची जागा मात्र पौसानिअसने सांगितलेलीच निघाली. एकाच मंदिराविषयीच्या माहितीत आख्यायिका आणि अचूक नोंद शेजारी शेजारी बसलेल्या असाव्यात, यातच वाटाड्याच्या साधनाचे वैशिष्ट्य आहे. ते एकदम स्वीकारता येत नाही आणि एकदम टाकूनही देता येत नाही.

गाव हलवून मोकळी केलेली भूमी

प्लुटार्क आणि पौसानिअस यांनी पाहिलेली डेल्फी पुढे जमिनीखाली गेली. नीरोने तेथून 500 ब्राँझ पुतळे नेल्याची नोंद पौसानिअसनेच केली आहे. प्लाटियाच्या विजयानंतर (इ.स.पू. 479) ग्रीक नगरांनी मिळून अर्पण केलेला सर्पस्तंभ सम्राट कॉन्स्टंटाइनने आपल्या नव्या राजधानीत नेला. त्याच्या वेटोळ्यांवर 31 नगरांची नावे कोरलेली आहेत आणि आज तो इस्तंबूलच्या जुन्या रथशर्यतीच्या मैदानात शिरोहीन उभा आहे. उरलेल्या अवशेषांवर कालांतराने कास्त्री नावाचे खेडे वसले. देवळाचे दगड घरांच्या भिंतींत गेले. 1436 मध्ये सिरिॲको हा इटालियन प्रवासी येथे सहा दिवस राहिला व त्याने शिलालेख उतरवून घेतले. 1676 मध्ये स्पॉन व व्हेलर आले, 1809 मध्ये बायरन आला आणि येथील एका स्तंभावर आपले नाव कोरून गेला. या सर्वांना वाटाड्या होता तो बहुशः जुन्या ग्रंथातला. समोरच्या गावकऱ्याला विचारण्यासारखे काही आहे, असे त्यांपैकी फार थोड्यांना वाटले.

एकोणिसाव्या शतकात उत्खननाच्या हक्कासाठी राष्ट्राराष्ट्रांत चढाओढ लागली. फ्रान्सशी चाललेल्या वाटाघाटींत ग्रीक मनुकांवरील आयातकराचा प्रश्नही गुंतला होता. अपोलोच्या मंदिराची किंमत मनुकांत मोजली जावी, हे व्यापारी युगाला साजेसेच म्हटले पाहिजे. अखेर 1891 मध्ये करार झाला, फ्रेंच संसदेने पाच लाख फ्रँक मंजूर केले आणि 1892 च्या शरद ऋतूत तेओफिल ओमोल यांच्या नेतृत्वाखाली 'महाउत्खनन' म्हणून प्रसिद्ध असलेले काम सुरू झाले. त्यासाठी कास्त्री गाव मूळ जागेवरून उठवून पश्चिमेस सुमारे एक किलोमीटरवर नव्याने वसवावे लागले. मोबदला हाती न पडल्यामुळे ग्रामस्थांनी आरंभी काम अडवले, आणि ते पहाऱ्यात सुरू करावे लागले. घरे पाडली गेली, छोट्या रुळांवरून माती वाहून नेण्यात आली, आणि तिच्याखालून पवित्र मार्ग उघडा झाला.

आज प्रवासी ज्याला प्राचीन अवशेष म्हणून पाहतो, ती भूमी अशा रीतीने 1892 नंतर घडवलेली आहे. अथेन्सवासीयांचे कोषगृह, ज्याची छायाचित्रे सर्वाधिक काढली जातात, ते 1903 ते 1906 या काळात जुने दगड जुळवून पुन्हा उभे करण्यात आले. मॅरेथॉनच्या लुटीतून ते बांधले असे पौसानिअस सांगतो (मॅरेथॉनची लढाई इ.स.पू. 490). शिल्पशैलीच्या आधारे काही अभ्यासक ते त्याआधीचे मानतात. घाईच्या दर्शनात पौसानिअसचे मत तेवढे पोहोचते, कारण मॅरेथॉन हे नाव प्रत्येकाला ठाऊक असते.

नसलेल्या वस्तू आणि न वाचलेली भिंत

प्लुटार्कच्या संवादात एक प्रसंग येतो. वाटाड्या एक रिकामी जागा दाखवून म्हणतो, येथे एके काळी ऱ्होडोपिस या गणिकेने अर्पण केलेल्या लोखंडी सळया होत्या. हेरोडोटसने इ.स.पू. पाचव्या शतकात या सळया कायसच्या लोकांनी उभारलेल्या वेदीमागे असल्याचे लिहिले आहे. प्लुटार्कच्या काळी त्या नाहीत; उरली आहे ती जागा आणि गोष्ट. नसलेल्या वस्तूला उभे करणे हीच वाटाड्याची खरी विद्या होय. क्निडोसवासीयांच्या सभागृहात पॉलिग्नोटस या चित्रकाराची भव्य भित्तिचित्रे होती. आज तेथे पाया तेवढा आहे. पौसानिअसने दहाव्या भागात त्या चित्रांतील आकृतींचे सविस्तर वर्णन केले नसते, तर ग्रीक चित्रकलेच्या इतिहासातील एक प्रकरण कोरे राहिले असते.

परंतु सळयांच्या प्रसंगाचे पुढे काय होते, ते अधिक महत्त्वाचे आहे. डायोजिनिआनस चिडतो. ज्या नगराने गणिकेच्या दानाला जागा दिली, त्यानेच तिच्यासोबत गुलामीत असलेल्या इसापाला ठार मारावे काय, असा त्याचा आक्षेप आहे. त्यावर सोबत्यांकडून उत्तर येते, की एका स्त्रीच्या दानाने मन विटते, मग ग्रीकांनी ग्रीकांना लुटून देवापुढे मांडलेल्या दशमांशांनी का विटत नाही? आणि मग अर्पणांवरील लेखच पुढे केले जातात. अमक्यांनी अथेन्सकरांकडून घेतलेले, अथेन्सकरांनी कॉरिंथकरांकडून घेतलेले, फोकिसवासीयांनी थेसलीकडून घेतलेले. देवाचे अंगण आपसांतील युद्धांच्या लुटीने भरले आहे, ही गोष्ट वाटाड्यांच्या भाषणात नव्हती, असे संवादाच्या ओघावरून दिसते. ती बाहेर आली, कारण लहानशा मंडळीत एकाला प्रश्न विचारता आला आणि दुसऱ्याला उत्तर देण्यास सवड होती.

खासगी दर्शनाचा खरा लाभ येथे दिसतो. तो सुखसोयीचा नाही. मोठ्या समूहाला वाटाड्या एकाच दिशेने सांगतो. दोन-चार श्रोत्यांपुढे त्याला उत्तरदायी व्हावे लागते.

याचे आजच्या डेल्फीतील उत्तम उदाहरण म्हणजे मंदिराच्या चौथऱ्याखालची बहुकोनी दगडांची भिंत. तिचे दगड वाकड्या रेषांनी एकमेकांत असे बसवले आहेत की सांध्यात पाते शिरू नये. प्रत्येक समूहाला ही कारागिरी दाखवली जाते आणि समूह पुढे सरकतो. भिंतीजवळ जाऊन पाहिले तर तिचा पृष्ठभाग बारीक अक्षरांनी भरलेला आढळतो. हे शेकडो लेख गुलामांच्या मुक्ततेचे आहेत. ते मुख्यतः इ.स.पू. दुसऱ्या व पहिल्या शतकांतील आहेत, आणि ही प्रथा इ.स. पहिल्या शतकापर्यंत चालू राहिलेली दिसते. गुलाम देवाला 'विकला' जाई. किंमत मालकाला मिळे. देव त्याची मालकी वापरत नसे, म्हणून तो मुक्त. पैसा बहुतेक वेळा गुलामानेच साठवलेला असे. लेखात नाव येते, पुष्कळदा मूळ देश येतो, किंमत येते, साक्षीदार येतात. कित्येक लेखांत आणखी एक अट असते. मुक्त झालेल्याने मालक जिवंत असेपर्यंत त्याच्याकडेच राहून सेवा करावी. म्हणजे किंमत आज द्यायची आणि मोकळे व्हायचे ते मालक मेल्यावर. ही अट स्त्रियांनाही लागू असे, आणि काही करारांत तर त्यांनी मालकाच्या घराला आपली मुले द्यावीत असेही नमूद आहे.

प्राचीन ग्रीसमधील सामान्य माणसाची इतकी नावे, तीही किमतीसह, एकाच ठिकाणी फार क्वचित मिळतात. पौसानिअस या लेखांविषयी मौन पाळतो. त्याला देव, वीर आणि शिल्पकार यांत रस होता. जो ग्रंथ वाटाड्याचा वाटाड्या ठरला, त्याचे मौनही वारशाने पुढे आले. एखाद्या चौकस प्रवाशाने थांबून 'येथे काय लिहिले आहे?' असे विचारले, तरच ही भिंत बोलू लागते.

वाफेच्या कथेचेही असेच आहे. जमिनीच्या भेगेतून येणाऱ्या वाफेने पायथिया धुंद होई, ही गोष्ट श्रोत्यांना फार आवडते. फ्रेंच उत्खननात अशी भेग आढळली नाही, म्हणून विसाव्या शतकात बहुतेक विद्वानांनी ती दंतकथा ठरवली. 2001 मध्ये भूशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ यांच्या एका गटाने मंदिराखाली दोन भ्रंशरेषा छेदतात आणि तेथून इथिलीनसारखा वायू येत असावा, असे प्रतिपादन केले. त्यावरही आक्षेप आले. इतक्या अल्प प्रमाणातील वायूने धुंदी येईल काय, हा त्यांतील मुख्य होय. प्लुटार्क पुजारी या नात्याने एवढेच सांगतो की कधी कधी तेथे सुगंध दरवळे. वाटाड्याने यातले काय सांगावे? हा वाद सांगितला तर पाच मिनिटे लागतात आणि निष्कर्ष हाती येत नाही. दंतकथा एका वाक्यात सांगून होते.

वस्तुसंग्रहालयातील कथने

उत्खननात मिळालेल्या वस्तूंसाठी 1903 मध्ये डेल्फीचे पहिले वस्तुसंग्रहालय उघडले. पुढे त्याची पुनर्बांधणी व विस्तार झाला. येथे वस्तूला छप्पर आणि फलक असतो, त्यामुळे वाटाड्याची गरज कमी होईल असे वाटते. प्रत्यक्षात ती वाढते, कारण फलकावर नाव असते, वाद नसतो.

सहाव्या शतकाच्या आरंभीचे (इ.स.पू.) दोन भक्कम संगमरवरी तरुण येथे शेजारी उभे आहेत. हेरोडोटसने सोलोनच्या तोंडी घातलेली क्लिओबिस आणि बिटॉन यांची कथा सर्वश्रुत आहे. आईला हेराच्या उत्सवास पोहोचवण्यासाठी बैलांच्या जागी स्वतःला गाडीला जुंपणारे हे आर्गॉसचे दोन भाऊ. आईने देवीकडे त्यांच्यासाठी सर्वोत्तम ते मागितले आणि दोघे मंदिरात झोपले ते पुन्हा उठले नाहीत. आर्गॉसकरांनी त्यांचे पुतळे डेल्फीत अर्पण केले, असेही हेरोडोटस सांगतो. पुतळे आर्गॉसच्या शिल्पकाराचे आहेत हे लेखावरून समजते, म्हणून ते याच भावांचे मानले गेले. परंतु झिजलेल्या अक्षरांचे वाचन वेगळे करून हे जुळे देव, म्हणजे डायोस्कुरी, आहेत असे मत काही विद्वानांनी मांडले आहे. मृत्यूलाच वरदान मानणारी मूळ कथा इतकी हृदयस्पर्शी आहे की ती सोडणे कोणालाही जड जाते. आर्गॉसच्या वाटाड्यांविषयी पौसानिअसने जे म्हटले, ते आर्गॉसच्याच या पुतळ्यांपाशी पुन्हा आठवते.

संग्रहालयाचे भूषण समजला जाणारा ब्राँझचा सारथी 1896 मध्ये सापडला. तो उंचीने साधारण 1.80 मीटर आहे. पायांच्या बोटांची ठेवण, पापण्यांचे केस, काचदगडाचे डोळे हे सारे शाबूत आहे. पायथ्यावरील लेखात पॉलिझॅलस हे नाव आहे. तो सिराक्यूजचा सत्ताधीश हिरॉन याचा भाऊ व गेलाचा शासक. येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. प्लुटार्कच्या संवादातील वाटाडे याच हिरॉनच्या ब्राँझ स्तंभाची कथा सांगतात. हिरॉन सिसिलीत मेला त्याच दिवशी डेल्फीत त्याचा स्तंभ आपोआप कोसळला, अशी ती कथा. मंडळींपैकी एपिक्युरसचा अनुयायी ती योगायोग म्हणून उडवून लावतो. त्या वेळी हिरॉनच्या भावाचा सारथी त्यांच्या पायांखालीच कोठेतरी होता. इ.स.पू. 373 च्या भूकंपात तो गाडला गेला असावा, असे मानले जाते. म्हणून प्लुटार्कला त्याचा पत्ता नाही आणि पौसानिअसलाही नाही. ज्या वस्तूपाशी आजचा वाटाड्या सर्वाधिक वेळ थांबतो, तिच्याविषयी त्याच्या या दोन थोर पूर्वसूरींनी एक शब्दही लिहिलेला नाही. बाहेर उघड्यावर होते ते वितळवले गेले. वाचले ते गाडले गेलेले.

परवान्याचा प्रश्न

ग्रीसमध्ये हा व्यवसाय परवान्याने बांधलेला आहे. शासकीय प्रशिक्षणशाळांतून पुरातत्त्व, इतिहास, कला यांचे शिक्षण घेऊन परवाना मिळवणे ही येथील दीर्घ परंपरा. परदेशी समूहाबरोबर आलेल्या मार्गदर्शकावर परवान्याची सक्ती करणे सेवास्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने 26 फेब्रुवारी 1991 रोजी ग्रीसविरुद्ध दिला. मात्र जी संग्रहालये व ऐतिहासिक स्थळे केवळ विशेष व्यावसायिक मार्गदर्शकासह पाहता येतात, ती न्यायालयाने या निर्णयातून वगळली. दगडांजवळ उभे राहून बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न अशा रीतीने न्यायासनापुढेही गेला. परवान्याने बेजबाबदार माहितीला आळा बसतो हे खरे. परंतु प्लुटार्कचे कंटाळवाणे वाटाडेही त्यांच्या काळचे अधिकृतच होते, हे विसरून चालणार नाही.

अधिकृत कथनाबाहेर काय राहते, त्याचे एक छायाचित्र उपलब्ध आहे. 1894 मध्ये मंदिराजवळ ॲन्टिनोअसचा संगमरवरी पुतळा उभ्या स्थितीत सापडला, तेव्हाचे. सम्राट हेड्रियनचा हा लाडका तरुण कमरेपासून वर मातीतून बाहेर आला आहे आणि त्याच्याभोवती खोदकामाचे मजूर उभे आहेत. काहीजण कॅमेऱ्याकडे पाहतात, काहीजण पुतळ्याकडे. ॲन्टिनोअसचे नाव, जन्मस्थान आणि नाईल नदीतील मृत्यूचे वर्ष (इ.स. 130) संग्रहालयात सांगितले जाते. मजुरांची नावे सांगितली जात नाहीत. बहुकोनी भिंतीवरच्या गुलामांची निदान कोरलेली आहेत.